काडी आणि पत्रा

गाय कशी हवी? आखूडशिंगी, बहुदुधी. शिंगं आखूड म्हणजे गोठ्यात अडचण नाही, मारण्याचं भय नाही. दूध मात्र चरवी भरून. अशी गाय कुणाच्या दावणीला बांधलेली मी अजून पाहिलेली नाही, पण गिऱ्हाईक पिढ्यान्‌पिढ्या तिच्याच शोधात आहे. या पुस्तिकेला ‘सूक्ष्मलहरींसाठी आटोपशीर, भरपूर गेनचा मोनोपोल’ असं उपशीर्षक मीच दिलं. छापखान्यात धाडायच्या आदल्या दिवशी लक्षात आलं, की आपणही बाजारात तीच गाय घेऊन उभे आहोत. उपशीर्षक बदललं नाही. त्याऐवजी ही प्रस्तावना लांबवली.

शिंगाचं आणि अँटेनाचं नातं तसं जुनंच आहे. ॲरिस्टॉटलने कीटकांच्या डोक्यावरच्या मिशांना शिंगं म्हटलं होतं. पंधराव्या शतकात त्याच्या ग्रीकचं लॅटिन करताना तिथे ‘अँटेना’ हा शब्द आला, म्हणजे शीड बांधायची आडवी काठी. पुढे बिनतारी यंत्राच्या काठीला तोच चिकटला. आपल्याकडे तो गच्चीवरून घरात उतरला. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे पुणेकरांनाही चित्र दिसू लागलं आणि घरोघरी एकच संवाद ऐकू येऊ लागला. वर गच्चीत एक जण दांडा फिरवतोय आणि खालून आवाज येतोय, ‘आलं, आलं... गेलं!’ त्या दांड्यावरच्या सात-आठ काड्यांपैकी केबल जोडलेली काडी एकच असे. बाकीच्या कशालाच जोडलेल्या नसत, नुसत्या शेजारी असत. तरीही त्यातली एखादी कावळ्याने वाकवली की चित्रात मुंग्या येत. जोडलेल्या काडीइतकंच न जोडलेल्या धातूचंही चालतं, हा धडा महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीने गच्चीवर उभं राहून घेतला आहे. ही पुस्तिका म्हणजे त्याच धड्याची पुढची इयत्ता.

आता काडी एकच आणि उभी. लांबी तीन सेंटिमीटरच्या जवळपास. खाली धातूचा पत्रा. वाय-फाय, ब्लूटूथ आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह ओव्हन जिथे एकत्र नांदतात त्या २.४५ गिगाहर्ट्झला तरंगलांबी १२.२४ सेंटिमीटर येते, तिचा चौथा भाग ३.०६. तार जाड असेल तर टोकाशी थोडी कापावी लागते आणि काम २९ मिलिमीटरच्या आसपास थांबतं. एवढीशी वस्तू समजायला पुस्तिका कशाला, असं एका मित्राने विचारलं. पुस्तिका काडीसाठी नाहीच, पत्र्यासाठी आहे.

मोनोपोल म्हणजे अर्धा अँटेना. हर्ट्‌झने १८८८ च्या सुमारास कार्ल्सरूहमध्ये लहरी सिद्ध केल्या, तेव्हा त्याच्या यंत्राला दोन बाजूंना दोन भुजा होत्या. मार्कोनीने १८९५ मध्ये घरच्या आवारात प्रयोग करताना एक भुजा वर चढवली आणि दुसरीच्या जागी जमीन वापरली. पल्ला एकदम वाढला. त्याच युक्तीवर १२ डिसेंबर १९०१ ला न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्स इथे पतंगाला बांधलेल्या सुमारे दीडशे मीटर तारेवर अटलांटिकपलीकडचा संदेश ऐकल्याचं त्याने जाहीर केलं. आपली काडी त्या तारेच्या पाच हजारपट लहान आहे, युक्ती मात्र तीच. वाहक पृष्ठभागावर काडी उभी केली की आरशात दिसावी तशी तिची प्रतिमा खाली तयार होते, आणि काडी व प्रतिमा मिळून पूर्ण अँटेना होतो. मार्कोनीचा आरसा होता समुद्र आणि ओली जमीन. आपला आरसा असतो हाताच्या पंजाएवढा पत्रा, कधी तर नुसती सर्किट बोर्डाची कडा. सगळा घोळ इथून सुरू होतो.

घोळात शिरण्याआधी गेनचं बघू. या शब्दाने मुलांचा जितका गैरसमज करून दिला आहे, तितका दुसऱ्या कुठल्या शब्दाने दिला नसेल. गेन म्हटलं की वाटतं, अँटेना काहीतरी वाढवतो. तो काहीच वाढवत नाही. रात्रीच्या विजेवर दारं धरणाऱ्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. मोटर देईल तेवढंच पाणी. एका वाफ्याचं दार मातीने बुजवलं, की तेच पाणी पुढच्या वाफ्यात जोराने शिरतं. सगळीकडे सारखं पसरणारा एक काल्पनिक अँटेना धरायचा, त्याच्या तुलनेत आपल्या आवडत्या दिशेला किती पट शक्ती गेली ते मोजायचं, झाला गेन. पट सांगायची रीत डेसिबलची आहे: ३ म्हणजे दुप्पट, १० म्हणजे दहापट. दोन भुजांच्या साध्या अर्धतरंग अँटेनाचा गेन त्या काल्पनिक अँटेनाच्या तुलनेत २.१५ डेसिबल, म्हणजे २.१५ डीबीआय. मोनोपोलखाली अनंत पत्रा असेल, तर खालच्या अर्ध्या विश्वाचं दार बंद होतं, सगळं पाणी वरच्या अर्ध्यात येतं आणि गेन बरोबर दुप्पट होतो, ५.१५. इम्पीडन्स निम्मा होतो: पाव तरंगाला ३६.५ ओहम, वर २१ ओहमचा कुरबुरीचा भाग. काडी थोडी कापली की कुरबूर जाते आणि ३६ च्या आसपास राहतात. केबल ५० ची, मग हे जुळत नाही म्हणून नवशिके हवालदिल होतात. हिशेब केला तर १०० वॉटमधले ३ सुद्धा परत येत नाहीत. चिंता करावी अशा गोष्टी पुढे आहेत.

पहिली चिंता ‘अनंत’ या शब्दाची. पाठ्यपुस्तकात पत्रा क्षितिजापर्यंत जातो, आपला पुण्याच्या बोहरी आळीतून आणलेला असतो आणि तो कुठेतरी संपतो. जिथे संपतो त्या कडेवर लहर अडखळते, थोडी वर उचलली जाते, थोडी खाली वळते. परिणाम विचित्र होतो. पत्रा बऱ्यापैकी मोठा घेतला, पण तो संपणारा असला, तर नेमक्या क्षितिजाच्या रेषेत जाणारी शक्ती अनंत पत्र्याच्या मानाने चौथाईवर येते. म्हणजे ६ डेसिबल गेले. पुस्तकातल्या ५.१५ च्या जागी हाती उणे १ च्या आसपास उरतं, दोन भुजांच्या साध्या अँटेनापेक्षाही कमी. झोताचा जोर पंचवीस-तीस अंश वर आकाशाकडे. घार पकडायची असेल तर ठीक, पण आपला रिसीव्हर बहुतेक वेळा समोरच्या इमारतीत असतो. पत्रा थोडा मोठा करावा, असं मन म्हणतं. केला, तरी क्षितिजावरचा तोटा तसाच राहतो. झोत थोडा खाली येतो, एवढंच. ही गोष्ट पहिल्यांदा समजली तेव्हा मला स्वतःला फसवणूक झाल्यासारखं वाटलं होतं. पुस्तकातला ५.१५ हा आकडा खरा आहे, पण असा पत्रा जगात कुणाकडेच नाही.

यावरचे उपाय जुने आणि सुंदर आहेत. एक, पत्र्याऐवजी चार काड्या घेऊन त्या खाली झुकवायच्या. पंचेचाळीस अंश झुकवल्या की इम्पीडन्सही चढून ५० च्या जवळ येतो. या चार काड्यांची एक गंमत आहे. अमेरिकेतल्या आरसीए कंपनीत जॉर्ज ब्राउन यांनी १९३० च्या दशकात हा अँटेना बसवला, तेव्हा त्यांच्या गणिताला खालच्या दोनच काड्या पुरत होत्या. विक्री खात्याचं म्हणणं पडलं, की दोन काड्यांचा अँटेना चारी दिशांना सारखा पसरतो यावर गिऱ्हाईक विश्वास ठेवणार नाही. म्हणून चार झाल्या आणि आजही चारच लावतात. विज्ञानाचा इतिहास असा थोडा दुकानातही लिहिला जातो. दुसरा उपाय मला जास्त आवडतो: पत्र्याच्या कडेला खाली पाव तरंग उंचीचा घेर लावायचा, परकराला झालर लावावी तसा. कडेवर अडखळून वर उडणारी लहर या घेरामुळे खाली खेचली जाते आणि झोत क्षितिजाकडे येतो. जपानमध्ये विजेच्या इशाऱ्यावर दिशा बदलणारे जे मोनोपोल-समूह तयार झाले, त्यांच्या पत्र्याला असाच घेर असतो. २.४५ गिगाहर्ट्झला ही झालर तीन सेंटिमीटरची, कारागिराला अर्ध्या तासाचं काम. म्हणून तिचा समावेश या पुस्तिकेत दुसऱ्याच प्रकरणात केला आहे.

पत्रा लहान केला तर काय होतं, याचं उत्तर पुस्तकांपेक्षा मला एका मुलीने जास्त चांगलं दिलं. एका प्रकल्प-प्रदर्शनात परीक्षक म्हणून गेलो होतो. तिने अंगठ्याच्या नखाएवढ्या बोर्डावर मोनोपोल छापला होता. अँटेनाकडून परत येणाऱ्या शक्तीचा पडद्यावरचा आलेख बघण्यासारखा होता: नेमक्या २.४५ ला खोल दरी, उणे बत्तीस डेसिबलपर्यंत. टाळ्या पडल्या होत्या. मी जवळ जाऊन मोजणी-यंत्रापासून आलेली केबल नुसती मुठीत धरली. दरी सरकली, उथळ झाली, मूठ सोडली की परत जागेवर. मुलगी काकुळतीने म्हणाली, ‘सर, केबलला हात नका ना लावू.’ नेमकं तेच दुखणं होतं. बोर्डावर उरलेल्या अर्ध्या अँटेनाला जागाच नव्हती, म्हणून त्याने केबलच्या बाहेरच्या आवरणात मुक्काम ठोकला होता. तिच्या नखाएवढ्या अँटेनाची खरी लांबी एक मीटर होती. तिला मी पहिला क्रमांक दिला. एवढ्याशा बोर्डावर इतकी मोठी गोष्ट दाखवणारा प्रकल्प दुसरा नव्हता. पण तिच्याशी बोलताना एक गोष्ट सांगितली, ती इथेही सांगतो. यंत्राच्या तोंडाला ५० ओहमचा साधा रोध जोडा. दरी तळ गाठेल, तुमच्या कुठल्याही अँटेनापेक्षा खोल. आणि त्यातून एक कणही बाहेर पडणार नाही, सगळं उष्णतेत जाईल. परत न आलेली शक्ती आकाशातच गेली असं मानू नका. ती कुठे गेली, हे वेगळं शोधावं लागतं.

मग गेन वाढवायचा कसा? रस्ते मोजके आहेत. एक, उंची वाढवणं. काडी पाव तरंगाऐवजी पाच-अष्टमांश केली, म्हणजे आपल्या हिशेबात साडेसात सेंटिमीटरच्या वर, तर अनंत पत्र्यावर क्षितिजाकडे सुमारे ३ डेसिबल जास्त मिळतात. त्यापुढे लांबवत गेलं की आकाशाकडे जाणारा दुसरा झोत माजतो आणि मिळवलेलं घालवतो. आणखी हवं असेल तर एकावर एक काड्या रचाव्या लागतात आणि प्रत्येक जोडावर लहर उलटी पडू नये म्हणून मध्ये वळसा द्यावा लागतो. मार्कोनीच्या कंपनीतल्या चार्ल्स फ्रँकलिन यांनी हे १९२० च्या दशकात केलं. चारी दिशांना सारखा पसरणाऱ्या उभ्या अँटेनाचा एक ढोबळ हिशेब सर्वांनी पाठ करावा: उंची तरंगलांबीच्या जितकी पट, त्याची दुप्पट म्हणजे जास्तीत जास्त गेन, पटीत. ३९ सेंटिमीटरच्या काठीला ८ डीबीआय येतात. १२ डीबीआय हवे असतील तर काठी जवळजवळ एक मीटर लागते. बाजारात वीत-दीड वीत काळ्या काठीवर १२ डीबीआयचा कागद चिकटवलेला दिसला, की ही दुप्पट आठवायची आणि पुढच्या दुकानात जायचं. मी एकदा गेलो नव्हतो. त्या काठीचं टोपण उघडलं तेव्हा आत पाव तरंगाची तार निघाली, उरलेली काठी पोकळ. दूध न देणाऱ्या गाईच्या शिंगांना रंग लावून विकतात, तसाच हा प्रकार.

दुसरा रस्ता शेजाऱ्यांचा, गच्चीवरच्या यागीचा. टोहोकूच्या विद्यापीठात यागी आणि उदा यांनी १९२६ च्या सुमारास दाखवलं, की मागे किंचित लांब आणि पुढे किंचित आखूड काडी नुसती उभी केली तरी झोत एकीकडे वळतो. पत्र्यावर उभ्या मोनोपोलसाठी हे आणखी सोपं: प्रत्येक काडीची उंची निम्मी, आणि खालच्या बाजूने स्क्रूने घट्ट बसते. रचना बुटकी राहते, गेन वाढतो. चारी दिशांचा हट्ट सोडला की आखूड शिंगांत दूध येऊ लागतं, हा या पुस्तिकेतला सगळ्यात कामाचा भाग आहे.

आणि तिसरा रस्ता कोपऱ्याचा. जॉन क्राउस या अमेरिकन अभियंत्याने १९३० च्या दशकाअखेर हा अँटेना सुचवला. दोन सपाट पत्रे काटकोनात उभे करायचे आणि कोपऱ्यापासून अर्ध्या तरंगाहून थोड्या कमी अंतरावर काडी ठेवायची. भिंतीच्या कोपऱ्यात उभं राहून हाक मारली तर आवाज जसा एकाच बाजूने मोठा जातो, तसंच. पूर्ण अँटेनाला यातून साधारण १० ते १२ डीबीआय मिळतात. आपण काडी अर्धी केली आणि खाली पत्रा घातला, तर त्यातलं काही संपणाऱ्या पत्र्याच्या कडेवरून वर उडतं. किती, ते तुमच्या पत्र्यावर आणि झालरीवर ठरतं. माझं मत स्पष्ट सांगतो. पितळी पत्रा, एक कनेक्टर, तांब्याची तार आणि दुपारभराचा वेळ एवढ्यावर मिळणारा यापेक्षा चांगला सौदा मला माहीत नाही. अंतर पाच सेंटिमीटर, भिंती दहा-बारा सेंटिमीटर लांब. पुस्तकांचा चपटा गठ्ठा जेवढी जागा अडवतो तेवढीच. पाचवं प्रकरण पूर्ण याच्यावर आहे आणि वाचकाने घाई असल्यास तेच आधी उघडावं.

काही लोक कोपऱ्याऐवजी स्वयंपाकघरातला स्टीलचा डबा घेतात. त्यालाही माझी हरकत नाही. डब्याचा व्यास साधारण साडेसात ते सव्वानऊ सेंटिमीटरच्या मध्ये हवा. कमी असेल तर लहर आत चालतच नाही, जास्त असेल तर दुसऱ्या प्रकारची लहर लुडबूड करू लागते. ९ सेंटिमीटरच्या डब्यात आतली तरंगलांबी बाहेरच्या १२ च्या जागी २० सेंटिमीटरच्या वर ताणली जाते, म्हणून काडी तळापासून ५ सेंटिमीटरवर बसवायची. हवेच्या हिशेबाने तीन धरणारे इथेच चुकतात. आई-बायकोच्या डब्यांचा नवीन संच मोडू नका, एवढीच विनंती.

आखूडपणाला निसर्गाने घातलेली मर्यादा किती आहे, हे सांगायला हवं, नाहीतर मुलं वर्षानुवर्षं सिम्युलेशनमध्ये आकडे फिरवत बसतात. व्हीलर यांनी १९४७ मध्ये आणि चू यांनी १९४८ मध्ये लहान अँटेनाच्या बँडविड्थचं कुंपण आखून दिलं. अँटेना लहान करत गेलं की त्याच्याभोवती ऊर्जा साचते, बाहेर पडण्याऐवजी आत-बाहेर झोके घेते, आणि तो जेमतेम एका फ्रीक्वेन्सीपुरता उरतो. १९६० मध्ये हॅरिंग्टन यांनी गेनसाठीही हिशेब मांडला. अँटेना ज्या गोलात बसतो त्याचा परीघ तरंगलांबीच्या किती पट, हा आकडा घ्या; त्याचा वर्ग करा आणि त्यात त्याचीच दुप्पट मिळवा. एवढा गेन सरळ मार्गाने मिळतो. क्रिकेटच्या चेंडूत बसणाऱ्या २.४५ गिगाहर्ट्झच्या अँटेनाला हा आकडा सुमारे ७, म्हणजे साडेआठ डीबीआय, तोही एकाच दिशेला. याच्या पुढे जाता येत नाही असं नाही. काड्या अगदी खेटून उभ्या करून त्यांत उलटसुलट मोठे प्रवाह खेळवले तर गणित पुढे जातं. पण ते प्रवाह तांब्यातच जिरतात आणि एक मिलिमीटर चुकला की सगळं कोसळतं. कर्ज काढून श्रीमंत दिसण्यासारखं आहे ते. या पुस्तिकेत ते नाही. आणि गोल मोजताना पत्राही त्याच्या आत धरायचा, हे विसरू नका. शोधनिबंधांच्या मथळ्यांतला ‘आटोपशीर’ बऱ्याचदा नुसत्या काडीचा असतो.

मोनोपोल उभाच असला पाहिजे असंही नाही. तो बोर्डावर आडवा छापता येतो आणि रुंद केला की चमत्कार घडतो. वर्तुळाकार चकतीचा मोनोपोल एका फ्रीक्वेन्सीवर न थांबता तिच्या कितीतरी पट पुढेपर्यंत चालतो. अमेरिकेने २००२ मध्ये ३.१ ते १०.६ गिगाहर्ट्झचा अतिरुंद पट्टा खुला केला, तेव्हापासून जगभर अशा चकत्यांचं पीक आलं. त्यात आपल्या घरची नावं ठळक आहेत. टीआयएफआरमधल्या सूक्ष्मलहरींच्या कामातून १९८४ मध्ये समीर ही संस्था झाली, ती पवईला आयआयटीच्या आवारात आहे. तेव्हा तिथे असलेले के. पी. रे आणि आयआयटीचे गिरीश कुमार यांचं रुंद पट्ट्याच्या मायक्रोस्ट्रिप अँटेनांवरचं पुस्तक २००३ मध्ये आलं आणि ते देशोदेशी वापरलं जातं. चकतीची खालची फ्रीक्वेन्सी काढायचं त्यांचं सूत्र मला विशेष प्रिय आहे, कारण ते रुमालावर मावतं. चकतीची उंची, तिच्याइतक्याच उंचीच्या आणि पृष्ठभागाच्या नळकांडीची त्रिज्या आणि फीडचं अंतर ही तीन मापं सेंटिमीटरमध्ये मिळवा, ७.२ ला त्या बेरजेने भागा, उत्तर गिगाहर्ट्झमध्ये. नेहमीच्या हिरव्या बोर्डावर छापली असेल तर बेरीज आधी १.१५ ने गुणा. एका सेंटिमीटर त्रिज्येच्या चकतीला २.७ च्या आसपास येतं. महागडं सॉफ्टवेअर उघडण्याआधी ज्याने हा भागाकार केला नाही, त्याच्या रंगीत चित्रांवर मी विश्वास ठेवत नाही. गेनचं म्हणाल तर चकती मोठी दानशूर नाही. रुंदी देते, गेन बेताचाच. दोन्ही मागणाऱ्याने पुन्हा पहिला परिच्छेद वाचावा.

कमावलेला गेन सांडतो कुठे, तर बहुतेक वेळा केबलमध्ये. आरजी-५८ जातीची नेहमीची काळी केबल या फ्रीक्वेन्सीला मीटरमागे सुमारे १ डेसिबल खाते. तीन मीटर केबल टाकली की निम्मी शक्ती गेली, कोपरा बांधायला घालवलेली दुपारही गेली. यंत्रच अँटेनापाशी न्या, वीज लांबून आणा. तांब्याच्या चकाकीची मात्र फार काळजी करू नका. २.४५ गिगाहर्ट्झला प्रवाह मुख्यतः पृष्ठभागाच्या दीड मायक्रॉनच्या आतच वाहतो, त्यामुळे आतला धातू कुठला याला महत्त्व नाही. वर गंज मात्र नको.

कायद्याचंही एक वाक्य. हा पट्टा आपल्याकडे परवान्याशिवाय वापरता येतो, पण प्रेषकाची शक्ती १ वॉट आणि अँटेनाचा गेन धरून ४ वॉट ही मर्यादा आहे. म्हणजे पूर्ण शक्तीच्या यंत्रावर ६ डीबीआयचा अँटेना लावला की कोटा संपला. त्यापुढे गेन वाढवाल तितकी शक्ती उतरवा. ऐकण्याच्या बाजूला गेनवर असं बंधन नाही, आणि चांगला अँटेना खरा उपयोगी पडतो तो ऐकतानाच.

मोजणीसाठी प्रयोगशाळा लागते ही समजूत या पुस्तिकेने घालवली तरी मला पुरे आहे. नॅनोव्हीएनए नावाचं खिशातलं यंत्र आता विद्यार्थ्याला परवडतं. घेताना ते ३ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारं घ्या. एकसारखे दोन अँटेना बनवा, गच्चीवर उंच काठ्यांवर समोरासमोर तीन मीटर अंतरावर उभे करा. हॅराल्ड फ्रिस यांनी १९४६ मध्ये दिलेल्या सूत्राप्रमाणे एवढ्या अंतरात ४९.८ डेसिबल वाटेतच जातात. केबलचा तोटा वगळून यंत्राने उणे ३९.८ दाखवलं, तर दोन्ही अँटेनांनी मिळून १० डेसिबल भरून काढले, प्रत्येकाने ५. झाली मोजणी. जमिनीवरून परावर्तन होतं, म्हणून काठ्या खाली-वर करून चार वाचनं घ्या. शेजारचे लोक विचारतील, काय चाललंय. ‘आलं, आलं, गेलं’ म्हणा, त्यांना पटेल.

भाषेबद्दल थोडं. गेन, इम्पीडन्स, फीड हे शब्द मी तसेच ठेवले आहेत, कारण कार्यशाळेत कुणी ‘संरोध जुळव’ असं म्हणत नाही. जिथे साधा मराठी शब्द कामाचा होता, तिथे तोच घेतला. काडी, पत्रा, घेर, कोपरा हे शब्द वापरताना मला कधी अडलं नाही.

पुढचं पान उलटण्याआधी वीस सेंटिमीटर चौरस पितळी पत्रा, मध्यभागी बसणारा एक एसएमए कनेक्टर आणि दीड मिलिमीटर जाडीची तांब्याची तार आणून ठेवा. पुण्यात असाल तर पासोड्या विठोबाच्या आसपास आणि बोहरी आळीत एका फेरीत सगळं मिळतं, मुंबईत लॅमिंग्टन रोडला. तार सध्या ३३ मिलिमीटर कापा. जास्तीचे चार मिलिमीटर पहिल्या प्रकरणात, आलेख बघत बघत, कानशीने उतरवायचे आहेत.